पाठचा वारा

खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश. या माणसालाही सगळे खराराच म्हणत. पागेत कामाला लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता कानशिलं पांढरी झाली, पण हातातला ब्रश काही सुटला नाही. आईबापानं ठेवलेलं नाव फक्त मतदानाच्या दिवशी उपयोगाला यायचं. घोडी सोडून दुसरा विषय त्याला बोलता येत नसे. जेवायला बसला तरी भिंतीकडं बघत पुटपुटायचा, आज मागचा डावा पाय जरा गरम लागला. बायको विचारायची, कुणाचा? माझा तर दोन्ही दुखतायत, त्याची कधी चौकशी नाही ती.

पागा शहराच्या कडेला होती. विटांची लांबट इमारत, वर पत्रा, दोन्ही बाजूंना अर्ध्या दारांची ठाणी. डावीकडच्या शेवटच्या ठाणात मावशी राहायची. मावशी म्हणजे तपकिरी घोडी. कागदावरचं तिचं नाव एवढं लांबलचक की म्हणता म्हणता माणसाला धाप लागावी. पण जन्मली त्या दिवशी चार पायांवर उभी राहिली आणि दुधाकडं न वळता आधी चहूकडं बघून तिनं नाक फेंदारलं. पाहुणी आलेली मावशी दारातूनच घरातली झाडलोट तपासते, अगदी तसं. तेव्हापासून ती मावशी.

तिची आई आठवड्याभरात गेली. मग बाटलीनं दूध पाजायचं काम खराऱ्याकडं आलं. एका हातानं पिल्लाची मान धरायची तर बाटली कुठं धरणार? त्यानं ती काखेत दाबली आणि रबरी बोंड पुढं काढलं. पिल्लू काखेत तोंड खुपसून प्यायला शिकलं. पुढं दूध सुटलं, बाटली गेली, घोडी खांद्याला लागेल एवढी झाली, पण सवय राहिली. पाण्याची बादली पुढं ठेवली की मावशी आधी खराऱ्याच्या काखेत नाक घालणार, भात्यासारखा श्वास ओढणार, समाधानानं फुर्र करणार, आणि मगच बादलीत तोंड बुडवणार. तो आजारी पडला की दुसऱ्या कुणाच्या हातून ती अर्धीच बादली प्यायची, तीही मेहरबानी केल्यासारखी. पागेतले लोक म्हणायचे, या काखेत आम्हाला कुणी जबरदस्तीनं नाक घालायला लावलं तर आम्ही पाणीच काय, प्राण सोडू.

तर ही मावशी विकली गेली. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या पागेला ती पैदाशीसाठी हवी होती. मालवाहू विमानानं जायचं ठरलं आणि मालकांनी सांगितलं, खराऱ्यानं सोबत जायचं, घोडी ताब्यात द्यायची आणि परत यायचं. खरारा जन्मात विमानात बसला नव्हता. त्याला एकच काळजी लागली. किती लांब आहे?

म्हणजे घोडी किती वेळ उभी राहणार, किती वेळा पाणी लागणार, त्याला सगळा हिशोब तिच्या पोटावरून करायचा होता. पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. पागेच्या कारकुनानं संगणकावर दोन विमानतळांमध्ये एक रेघ ओढून दाखवली आणि म्हणाला, नऊ हजार किलोमीटर, सरळ. खराऱ्यानं विचारलं, घोडी सरळ जाणार का? कारकून म्हणाला, ते विमानाला विचारा. घोडी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, मध्ये एकदा इंधनाला उतरायचं, ते धरून चौदा तास. मेव्हणा ट्रक चालवायचा, त्यानं नऊ हजारांना आपल्या ट्रकच्या वेगानं भागलं. "दाजी, आठ दिवस धरा. टायर फुटला तर नऊ," तो म्हणाला, आणि वर स्वतःच हसत बसला. बायकोला वेगळाच घोर. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की पूर्वेला गेलं की घड्याळ पुढं पळतं. मग तुम्ही निघणार आमच्या आजमध्ये आणि पोचणार त्यांच्या उद्यामध्ये, तर मधल्या वेळेत फोन केला तर तो कुठल्या दिवशी लागेल? खराऱ्यानं डोक्याला हात लावला.

आणि चौदा तास तर नुसते हवेतले. त्याआधी पागेपासून विमानतळापर्यंतची गाडी, तिथली तपासणी, पेटीत चढवणं, उतरल्यावरची तपासणी. ते कुणीच धरत नव्हतं. त्याला वाटायचं, हे अंतर जरा आखडतं घेता आलं असतं तर.

इकडं घरात वेगळीच लगबग. विमानात बसायचं म्हणजे काय गंमत आहे? लेक सासरहून खास आली. आकाशी रंगाचा कडक इस्त्रीचा शर्ट घेऊन आली, वासाचं तेल घेऊन आली, आणि बजावून गेली की बाबा, तुमच्या अंगाला पागा येते, शेजारचे लोक नाक मुरडतील. मालवाहू विमानात शेजारी घोडेच असतात हे तिच्या गावी नव्हतं, आणि त्याच्याही लक्षात आलं नाही. बायकोनं त्याचा पागेतला लोकरी कोट तीन पाण्यांनी धुतला, उन्हात घातला, वर सुगंधी वड्या ठेवून घडी घातली. इतक्या वर्षांत त्या कोटाला पाणी माहीत नव्हतं. पहिल्या पाण्याचा रंग बघून ती म्हणाली, यात बी पेरलं असतं तर उगवलं असतं. न्हाव्यानं दाढी घोटून गालाला काहीतरी झोंबणारं, वासाचं चोपडलं. निघायच्या सकाळी खरारा आरशासमोर उभा राहिला तर त्यालाच परक्यासारखं वाटलं. पण बरं वाटलं, हेही खरं.

विमानतळाच्या मालाच्या दारात चढवणीचा मुकादम त्याला बघून अदबीनं बाजूला झाला आणि विचारलं, साहेब, मालक आपणच का? खराऱ्याची छाती फुगली. मावशीची गाडी आधीच आली होती. त्यानं जवळ जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला. तिनं कान मागं पाडले, त्याचा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

खराऱ्यानं हात मागं घेतला. हिला कळलं, त्याला वाटलं. आपण हिला विकायला घेऊन चाललोय, हे हिला कळलं.

त्याच विमानानं दुसऱ्या एका पागेची दोन शिंगरं जाणार होती. त्यांच्यासोबतचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, चांगलाच मुरलेला होता. असे हवाई खेटे किती घातले याची त्यालाच मोजदाद नव्हती. अंगात इतका मळका कोट की त्याचा मूळ रंग काय असेल याची पैज लावावी. जवळ येऊन बोलायला लागला तसा खरारा नकळत अर्धं पाऊल मागं सरला, आणि मनात म्हणाला, विमानात बसताना तरी माणसानं जरा नीट यावं.

घोड्यांना पेट्यांत उभं केलं. पेटी म्हणजे चाकं नसलेला छोटासा तबेलाच, पुढं तोंडाशी माणसाला उभं राहण्यापुरती जागा. पेट्या उचलून विमानाच्या पोटात सरकवल्या. विमानाला खिडक्या नव्हत्या. घोड्यांना उकडू नये म्हणून आतली हवा गार ठेवली होती. माणसांना बसायला पुढं चार खुर्च्या, त्यातली एक कंपनीच्या डॉक्टरीणबाईंची. बाई बुटक्या, काटक, बोलायला रोखठोक.

विमान वर गेलं, स्थिर झालं. खराऱ्यानं पागेतूनच डबे भरून पाणी आणलं होतं, कारण परक्या पाण्याला घोडी तोंड लावत नाही एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं बादली भरली, मावशीपुढं धरली आणि काख उघडून उभा राहिला. मावशीनं नाक पुढं आणलं. आकाशी शर्टाला हुंगलं. आणि डोकं असं झटक्यानं मागं घेतलं की पेटी हादरली.

त्यानं पुन्हा धरली, पुन्हा तेच. गोड बोलून झालं, शीळ घालून झाली. बादली जमिनीशी ठेवून तो बाजूला झाला, तरी तिनं ढुंकून पाहिलं नाही. नुसती कोरड्या गवताची काडी काडी ओढत राहिली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मावशीचा ओठ वर करून हिरडी बोटानं दाबली. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली नाही, सावकाश गेली. बाईंनी आधी गवताची जाळी काढून घेतली. सकाळपासून ही प्यायलेली नाही, वर कोरडं खातेय, पोटात गोळा बसेल, त्या म्हणाल्या. मग खराऱ्याकडं वळून हळूच पण स्पष्ट सांगितलं:

"इंधनाला उतरेपर्यंत हिनं पाणी घेतलं नाही तर मी हिला तिथंच उतरवणार. पुढचा टप्पा सगळा समुद्रावरून आहे. तिथं पोट धरलं तर मला काही करता येणार नाही."

त्यानं विचारलं, आणि मी? बाई म्हणाल्या, तुमचे कागद पुढच्या विमानतळाचे आहेत, मधल्याचे नाहीत. तुम्हाला विमानाबाहेर पाय ठेवता यायचा नाही. म्हणजे मावशी एकटी, परक्या अंगणात, परक्या हातात. दुसऱ्याच्या हातून पागेत अर्धी बादली पिणारी घोडी तिथं किती पिणार होती?

खरारा पेटीपुढच्या फटीत उकिडवा बसला. त्याला बसवेना, उठवेना. बादली सरळ कर, पाणी ढवळ, मावशीकडं बघ, परत बस. आपण हिला बाटलीनं वाढवलं आणि आपणच पोचवायला निघालो, याचा राग धरलाय हिनं, असं तो मळक्या कोटवाल्याला सांगू लागला. कोटवाला खुर्चीत पाय पसरून पेंगत होता. त्यानं एक डोळा उघडला.

"गड्या, घोडीला विक्री कळत नाही. साबण कळतो."

 कोटवाल्यानं दुसराही डोळा उघडला आणि सांगितलं की तू आलास तेव्हा मला वाटलं कुणाचं लग्न आहे. हा माझा कोट बघ, मी याला पाण्याजवळ नेत नाही. घरात घेत नाहीत, जिन्याखाली टांगतो. पण विमानात सगळंच परकं असतं, आवाज परका, पायाखालची जमीन परकी, तेव्हा जनावर आपलं एक माणूस नाकानं शोधतं. तुझ्या घोडीला ते सापडत नाहीये. ती बिचारी विचार करत असेल, हा अत्तरवाला कोण आणि आमचा माणूस कुठं ठेवला?

खराऱ्यानं हात नाकाला लावला. साबण. मनगट हुंगलं. तेल. कोटाची बाही हुंगली. सुगंधी वड्या. इतका वेळ आपल्या नाकाखाली होतं आणि आपण घोडीच्या मनातलं ओळखायला निघालो होतो. त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग तो म्हणाला, तुझा कोट दे. कोटवाल्यानं नकार दिला. याला माझ्या शिंगरांचा वास, तो घालून गेलास तर तुझी घोडी पेटी फोडेल.

म्हणजे काम उघड होतं. उतरायच्या आत आपल्या अंगाला परत आपला वास आणायचा. आणि इथं हवा ही अशी गार, घाम यायचा कसा?

त्यानं ब्रश काढला. एवढी एकच वस्तू घरी धुतली गेली नव्हती, कारण ती घरी कधी नेलीच नव्हती. मावशीच्या खांद्याला, पाठीला हात पोचेल तिथपर्यंत तो घासत सुटला. ती अंग चोरत होती, पण ब्रश ओळखीचा, म्हणून सोसत होती. ब्रशात आलेले केस, कोंडा, धूळ त्यानं आपल्या मानेला, गालाला, छातीला चोळली. शर्ट काढला, तिच्या पोटाखालचा ओलसर घाम त्या आकाशी कापडानं पुसला आणि तोच शर्ट पुन्हा घातला. पेटीच्या मागच्या बाजूला जाऊन तिच्या पायाखालचा भुसा मूठभर उचलला, ओला, उबदार, आणि केसांतल्या तेलावर रगडला. लेकीनं हे पाहिलं असतं तर माहेरचं नाव टाकलं असतं. मग वर लोकरी कोट घालून गळ्यापर्यंत बटणं लावली आणि उठाबशा काढायला लागला.

कप्तान पाय मोकळे करायला मागं आला तर समोर हे दृश्य. डोक्यात भुसा घातलेला एक माणूस घोड्यासमोर उठाबशा काढतोय. त्यानं डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. कप्तान भला माणूस, काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाला, आज नशीब जोरावर आहे, वारा पाठीमागून जोरात लागलाय, ठरल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी उतरू.

खरारा अर्ध्या बैठकीत थांबला. गेले पंधरा दिवस ज्याला त्याला किती लांब, किती लांब विचारत हिंडणारा तो, आणि आता हातात होता तेवढा वेळही वाऱ्यानं पळवला होता.

"साहेब," तो धापा टाकत म्हणाला, "जरा हळू नाही का घेता येणार?"

कप्तान म्हणाला की इतक्या वर्षांत लवकर पोचवा म्हणणारे पुष्कळ भेटले, उशिरा पोचवा म्हणणारे तुम्ही पहिलेच. पण वाऱ्याला ब्रेक नसतो. तो हसत पुढं निघून गेला. खराऱ्यानं दात खाऊन पुन्हा सुरुवात केली. गुडघे कुरकुरत होते. मांड्यांत पेटके येत होते. कोटवाल्यालाही आता झोप येईना. तो पेटीला टेकून उभा राहिला आणि मोजायला लागला, मधेच चुकायचा, मग कुठूनही पुन्हा धरायचा.

शेवटी कपाळावर थेंब आला. मग मानेवरून एक ओघळ खाली गेला. खराऱ्यानं बादली धरली, काख उघडली. मावशीनं नाक आणलं, हुंगलं, थांबली. पुन्हा हुंगलं. कान एक पुढं, एक मागं. आणि तोंड फिरवलं. पण या वेळी झटका नव्हता. ओळखीचा माणूस लांबून दिसावा आणि नाव आठवू नये, तसं काहीतरी झालं होतं.

तेवढ्यात कान दडपले. विमान खाली निघालं होतं. पट्टे बांधायचा दिवा लागला. डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, चला जागेवर, उतरताना इथं कुणाला उभं राहू देता येत नाही. खराऱ्यानं मान हलवली, पण पाय हलवले नाहीत. तो बाईंना एवढंच म्हणाला की अजून ढगांच्या वरच असू ना आपण, ढगांपर्यंत तरी थांबू द्या. खिडकी नव्हतीच, ढग कुठं आहेत कुणाला कळणार? बाईंनी घड्याळाकडं पाहिलं. मग त्यांनी एका हातानं पेटीचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं त्याचा कोट मागून पकडला, पडू नये म्हणून.

त्यानं कोटाची बटणं उघडली. आतून जी वाफ बाहेर आली ती डॉक्टरीणबाईंना पोचली असावी, त्यांनी मान दुसरीकडं वळवली. कोटवाला मागून म्हणाला, आता आलास माणसांत.

मावशीनं मान लांब केली. नाक काखेत घातलं आणि आत एवढा खोल श्वास ओढला की शर्ट तिच्या नाकपुडीला चिकटला. खरारा हलला नाही. ती तशीच राहिली, जणू सकाळपासूनचा सगळा हिशोब तिथं तपासून घेत होती. मग फुर्र केलं, त्याच्या हनुवटीपर्यंत शिंतोडे उडाले, आणि तोंड बादलीत बुडालं. मानेखालून एकामागून एक घोट सरकताना दिसू लागले. बादली रिकामी झाली तरी ती तळ चाटत होती. दुसरीही अर्धी संपली तेव्हा बाईंनी त्याला कोटाला धरूनच खुर्चीत नेऊन बसवलं आणि त्याचा पट्टा बांधला. स्वतः मात्र मधली एक खुर्ची सोडून बसल्या.

मावशीला तिथं उतरवलं नाही. समुद्रावरचा टप्पा तिनं बेतानं खात, बेतानं पीत पार पाडला. प्रत्येक बादलीआधी काखेची हजेरी. मधली रात्र कधी आली कधी गेली हे खिडकी नसल्यानं खराऱ्याला कळलंच नाही.

पलीकडं उतरल्यावर नव्या पागेचा मोतद्दार न्यायला आला होता. तरणा, स्वच्छ, हसरा, एकमेकांची भाषा येईना. खराऱ्यानं मावशीचा दोर त्याच्या हातात दिला. मग तिथंच, चारचौघांत, कोट बाजूला ठेवून अंगातला शर्ट काढला. आकाशी रंग आता फक्त कॉलरच्या आतल्या बाजूला उरला होता. त्यानं तो त्या तरण्या पोराच्या खांद्यावर टाकला, बादली दाखवली, काख दाखवली, घोडीचं नाक दाखवलं. पोरानं शर्ट दोन बोटांत धरला. कोटवाल्यानं मधे पडून हातवारे केले, त्या धंद्यातल्या खुणा सगळीकडं सारख्याच असाव्यात, कारण पोराचा चेहरा एकदम बदलला आणि त्यानं शर्ट काखेत नीट खोवला. मावशी निघाली. वळणावर तिनं मागं पाहिलं असतं तर सांगायला बरं झालं असतं, पण तिनं नाही पाहिलं. ती पोराच्या काखेकडं मान लांबवत चालली होती.

खरारा प्रवाशांच्या विमानानं परतला, उघड्या अंगावर कोट घालून. पुढच्या खुर्चीच्या पाठीला छोटा पडदा होता, त्यावर चिमुकलं विमान नकाशावरून सरकत होतं आणि उरलेले किलोमीटर कमी होत होते. वारा आता तोंडावर होता, त्यामुळं तेच अंतर जास्त वेळ खात होतं. शेजारचा गृहस्थ थोड्या वेळानं उठून गेला तो परत आलाच नाही. खराऱ्यानं त्याच्या खुर्चीवर पाय पसरले, पण डोळा लागेना. हात सारखा कोटाच्या खिशातल्या ब्रशाकडं जात होता, आणि घासायला समोर कुणी नव्हतं.

घरी बायकोनं दारातच अडवलं. आधी नाकाला पदर लावला, मग बटणांच्या फटीतून उघडी छाती बघितली.

"अहो, शर्ट कुठाय?"

त्यानं सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, साबणापासून काखेपर्यंत. ती नाकाला पदर धरूनच ऐकत होती. लेकीला काय सांगायचं याचा विचार करत असावी. शेवटी तिनं विचारलं, मग होतं तरी किती लांब?

खराऱ्यानं जरा विचार केला. किलोमीटर त्याला आठवत होते, तासही. पण तो म्हणाला, "धुतलेला माणूस पुरता मळेल, इतकं."

"मग जवळच की," बायको म्हणाली. "तुम्ही तर कोपऱ्यावर जाईपर्यंत मळता." आणि कोटासाठी हात पुढं केला. त्यानं कोट काढला, क्षणभर हातातच धरला, आणि तिच्या हाती न देता जिन्याखालच्या खिळ्याला टांगून ठेवला.